समुद्रातले कृमी आणि डायव्हिंग: पुण्याहून निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पुण्यातून तारकर्ली, नेत्राणी, अंदमान अशा सहलींची बुकिंग सुरू होतात आणि स्विमिंग पूलवरच्या आमच्या सराव सत्रांना गर्दी होते. मास्कमधलं पाणी कसं काढायचं हे विचारून झालं की पुढचे प्रश्न चावणाऱ्या, डसणाऱ्या प्राण्यांबद्दल असतात. शार्क आणि जेलीफिशबद्दल बहुतेकांनी काही ना काही वाचलेलं असतं. कृमींबद्दल मात्र मोबाइलवर फिरणाऱ्या एखाद्या भीतिदायक व्हिडिओपलीकडे फारसं कुणाला माहीत नसतं. आमचं म्हणणं थोडक्यात असं: व्हिडिओतला तो अजस्र किडा बहुधा तुमच्या वाटेला जाणार नाही. त्रास होतो तो बोटभर लांबीच्या, दिसायला सुंदर, केसाळ किड्यामुळे, आणि तोही त्याला हात लागला तरच.

समुद्रातले नेमके कोणते कृमी डायव्हरला त्रास देऊ शकतात?

समुद्रात वलयी कृमींच्या म्हणजे गांडुळाच्या गोतातल्या दहा हजारांहून जास्त जातींची नोंद झाली आहे. त्यातले बहुतेक सगळे निरुपद्रवी आहेत. डायव्हरने ओळखून ठेवावेत असे तीनच गट आहेत. पहिला फायरवर्म, ज्यांच्या अंगावरची कुसं त्वचेत घुसतात. दुसरा ग्लायसेरा म्हणजे ब्लडवर्म, ज्याचा चावा विषारी असतो. तिसरा युनिस आणि त्याचे भाऊबंद, ज्यांचे जबडे दणकट असतात. व्हिडिओतला तो अजस्र किडा म्हणजे बॉबिट वर्म याच गटातला. यांपैकी प्रत्यक्षात दवाखान्यात पोचवतो तो जवळजवळ नेहमीच पहिला गट.

फायरवर्मला हात लागला तर नेमकं काय होतं?

या किड्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या कुसांचे झुपके असतात. किडा निवांत असतो तेव्हा ते अंगाशी मिटलेले असतात. छेड काढली की ते फुलतात आणि किडा एकदम गुबगुबीत, मऊ दिसायला लागतो. नेमका त्याच वेळी लोकांना त्याला हात लावायचा मोह होतो.

ही कुसं कॅल्शियम कार्बोनेटची, पोकळ आणि ठिसूळ असतात. काहींना उलटे दाते असतात. निवडुंगाच्या बोंडावरची बारीक कुसं ज्यांच्या बोटात गेली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको: आत शिरतात, तिथेच तुटतात आणि चोळाल तितकी खोल जातात. सोबत रासायनिक दाहही होतो. युरिथो कॉम्प्लानाटा या जातीच्या शरीरातून जपानी संशोधकांनी कॉम्प्लानिन नावाचं दाह निर्माण करणारं द्रव्य वेगळं काढलं आहे. हे द्रव्य कुसाच्या पोकळीतून टोचलं जातं की किड्याच्या अंगावरून जखमेत उतरतं, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. डायव्हरच्या दृष्टीने परिणाम एकच.

स्पर्श होताच किंवा काही मिनिटांत आग सुरू होते. जागा लाल होते, सुजते, कधी बारीक फोड येतात. आग साधारण काही तासांत ओसरते. खाज आणि बधिरपणा मात्र काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. जीव जाण्याची भीती जवळजवळ नसते. अपवाद तीव्र अ‍ॅलर्जीचा, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

मालवण, तारकर्लीला फायरवर्म असतात का?

असतात. युरिथो गटातले किडे उष्ण समुद्रांत जगभर पसरलेले आहेत आणि भारताच्या किनाऱ्यांवर दगडांखाली, मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांखाली राहतात. हिंद महासागरात क्लोइआ हा आणखी एक देखणा प्रकार आहे. आखूड, रुंद, सोनेरी कुसांचा, आणि पाठीवर एका रांगेत गडद ठिपके. तो पोहूही शकतो. गळाला किंवा जाळ्यात अडकून वर आला की मच्छीमारांच्या हाताला लागतो.

इंटरनेटवर सर्वांत जास्त फोटो दिसतात ते हर्मोडाइस कॅरनक्युलाटाचे, लाल-हिरवट रंगाचे, पांढऱ्या झुपक्यांचे. तो अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातला प्राणी आहे. कोकणात तो शोधत बसू नका. माल्टा किंवा सिसिलीला जाणार असाल तर मात्र तिथे तो अगदी उथळ पाण्यातही भेटतो आणि पाणी तापत चाललंय तसा तो उत्तरेकडे सरकतोय.

पाण्याखाली असतानाच कुसं लागली तर?

पहिली गोष्ट, वर धाव घेऊ नका. आग होते आहे म्हणून श्वास रोखून झपकन वर येणं हे कुसांपेक्षा कितीतरी पटीने धोकादायक आहे. फुप्फुसाला इजा होऊ शकते. बडीला म्हणजे डायव्हमधल्या जोडीदाराला हात दाखवा, "काहीतरी बिघडलंय" ही खूण करा आणि नेहमीच्या वेगाने, सेफ्टी स्टॉप (वर येताना उथळ पाण्यात काही मिनिटं थांबणं) घेऊन वर या. दुसऱ्या हाताने चोळू नका, नाहीतर कुसं त्या बोटांतही जातात. आणि तो हात मास्कला लावू नका. वर आल्यावर मास्क काढताना डोळ्यात कूस गेल्याचे प्रकार असेच होतात.

वर आल्यावर प्रथमोपचार काय करायचे?

जागा समुद्राच्याच पाण्याने हळुवार धुवा, चोळू नका, टॉवेलने पुसू नका. टिपून कोरडी करा. मग चिकटपट्टी घ्या. साधा सेलोटेप चालतो, औषधाच्या दुकानातली कापडी चिकटपट्टी जास्त चांगली. जागेवर अलगद दाबायची आणि कुसांच्या दिशेने सावकाश उचलायची. दरवेळी नवा तुकडा. उरलेली मोठी कुसं चिमट्याने काढा.

तारकर्लीच्या किनाऱ्यावर आमच्या गटातल्या एका ताईंचं बोट असं साफ करताना सुरुवातीला कुणालाच काही दिसत नव्हतं. फक्त लालसर, फुगलेलं बोट. मोबाइलचा टॉर्च वरून न धरता बाजूने, त्वचेला जवळजवळ समांतर धरला, तेव्हा कातडीवर चमकणाऱ्या काचेसारख्या रेघा उठून दिसल्या. पट्टी उचलली तेव्हा तिच्या चिकट बाजूवर पांढऱ्या केसांची अख्खी लव आली होती. दुसऱ्या पट्टीवर थोडी कमी, तिसऱ्यावर दोन-चार. तोपर्यंत आजूबाजूचे दोघं-तिघं "वाळूने चोळा, निघून जाईल" असा सल्ला देत होते. तो ऐकला असता तर सगळी कुसं आत गेली असती. तेव्हापासून तिरप्या उजेडात पाहण्याची ही युक्ती आम्ही प्रत्येक गटाला आवर्जून दाखवतो.

कुसं निघाल्यावर बर्फाचा शेक कापडातून द्या. खाजेसाठी अँटिहिस्टामिनची गोळी आणि सौम्य स्टेरॉइड मलम डॉक्टरांना विचारून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांहून जुनं असेल तर तेही विचारा.

चेहरा किंवा ओठ सुजणं, घशात आवळल्यासारखं होणं, धाप लागणं, अंगभर गांधी उठणं, चक्कर येणं, यातलं काहीही दिसलं तर मलम-गोळीत वेळ घालवू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि जवळच्या रुग्णालयाकडे निघा. डोळ्यात कूस गेली असेल तर डोळा चोळू न देता स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

व्हिनेगर, लिंबू, गरम पाणी, चुना यांचा उपयोग होतो का?

व्हिनेगर किंवा स्पिरिट लावल्यावर काहींना आराम पडतो. पट्टीने कुसं काढून झाल्यावर, कातडी फाटलेली नसेल तर लावायला हरकत नाही, पण त्याला ठोस शास्त्रीय आधार नाही. गरम पाण्यात हात बुडवण्याचा सल्ला मुळात लायनफिश, स्टोनफिश, पाकट यांच्या दंशासाठी आहे, कारण त्यांचं विष उष्णतेने निष्क्रिय होतं. कुसं गरम पाण्याने निघत नाहीत. लिंबू, चुना, हळद, टूथपेस्ट हे काहीही लावू नका. डॉक्टरांना खालची त्वचाच दिसत नाही.

पुरळ फायरवर्मची आहे की बेंड्सची, कसं ओळखायचं?

हा प्रश्न खरं तर सगळ्यांनी विचारायला हवा, कारण इथली चूक महागात पडते. डायव्हनंतर अंगावर लाल चट्टे दिसले की "काहीतरी चावलं असेल" म्हणून सोडून देणारे आम्ही पाहिले आहेत. रक्तात आणि ऊतींत विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे झाल्यानेही त्वचेवर चट्टे येतात. डायव्हर याला स्किन बेंड्स म्हणतात. ते डीकॉम्प्रेशनच्या आजाराचं लक्षण आहे.

फायरवर्मची खूण उघड्या जागेवर असते: बोटं, तळहात, गुडघा, पोटरी. नेमकं कुठे टेकलो होतो हे बहुतेकदा आठवतं आणि आग पाण्यातच सुरू झालेली असते. स्किन बेंड्सचे चट्टे पोट, छाती, खांदे, मांड्या, नितंब अशा चरबीच्या भागावर, म्हणजे सूटखाली झाकलेल्या जागी येतात. ते जांभळट, संगमरवराच्या जाळीसारखे दिसतात आणि वर आल्यानंतर काही मिनिटांपासून काही तासांत उमटतात. सोबत कमालीचा थकवा, मुंग्या, सांधेदुखी, चक्कर असेल तर शंका ठेवू नका. शंभर टक्के ऑक्सिजन सुरू करा, रुग्णाला आडवं झोपवा, डायव्ह सेंटरला कळवा आणि डायव्हिंगच्या आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरांशी बोला.

पुणेकरांसाठी यात एक जास्तीची गोष्ट आहे, ती म्हणजे घाट. मालवणहून आंबोली, फोंडा किंवा गगनबावडा, कुठूनही या, समुद्रसपाटीवरून तास-दोन तासांत सहा-सातशे मीटर वर चढता. पुणं स्वतः साधारण ५६० मीटरवर आहे. हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे वाढतात. विमानप्रवासासाठी एका साध्या डायव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डायव्हनंतर किमान १८ तास थांबा, असा जो नियम आहे तो ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी सांगितलेला आहे. पाच-सहा मीटरवरच्या हौशी डायव्हला धोका फारच कमी. पण नेत्राणीला दिवसभरात दोन-तीन डायव्ह करून त्याच रात्री गाडी काढू नका. आणि अंगावर न उलगडणारे चट्टे असतील तर घाट चढूच नका, खालीच डॉक्टरांना दाखवा.

बॉबिट वर्म माणसाला खेचून नेऊ शकतो का?

नाही. माणूस हे त्याचं भक्ष्य नाही आणि त्याने डायव्हरचा जीव घेतल्याची एकही विश्वासार्ह नोंद नाही.

प्राणी मात्र विलक्षण आहे. युनिस अफ्रोडिटॉइस हे त्याचं शास्त्रीय नाव. पॅलास या निसर्गशास्त्रज्ञाने १७८८ मध्ये त्याचं वर्णन केलं ते श्रीलंकेतल्या नमुन्यावरून, म्हणजे आपल्या शेजारूनच. तो वाळूत किंवा प्रवाळाच्या भेगेत शरीर लपवून बसतो. बाहेर फक्त पाच स्पर्शिका आणि उघडे जबडे. एखादा मासा स्पर्शिकांना घासला की जबडे मिटतात आणि मासा वाळूखाली जातो. हे इतक्या झटक्यात होतं की व्हिडिओ हळू करून पाहिल्याशिवाय कळत नाही. जपानच्या सेतो बंदरात २००९ मध्ये एका तराफ्यातून सापडलेला किडा २९९ सेंटिमीटर लांब होता, वजन मात्र ४३३ ग्रॅम. लांबी ऐकून छाती दडपते, पण अर्धा किलोसुद्धा न भरणारा प्राणी सिलिंडर लावलेल्या माणसाला कुठे खेचणार?

तैवानमधल्या सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत इंग्रजी एल अक्षरासारख्या वळणाची दोन मीटर लांब बिळं सापडली आहेत. ती अशाच दबा धरून बसणाऱ्या कृमींची असावीत, असं संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलं. मला स्वतःला याहून जास्त आवडते ती माशांची हुशारी. काही मोनोकल ब्रीम मासे किड्याचं बीळ ओळखून तिथे जमतात आणि तोंडाने पाण्याचे फवारे मारून त्याला आत जायला भाग पाडतात.

धोका कुठे आहे, तर बोटात. बिळात पॉइंटर म्हणजे डायव्हरची छोटी काठी घालून डिवचणं, माशाचा तुकडा हातात धरून त्याला बाहेर बोलावणं असले उद्योग केले तर खोल जखम होऊ शकते. रात्रीच्या डायव्हला वाळूवर पोट टेकवून फोटो काढायची सवय असेल तर ती सोडा. बॉबिटसाठी म्हणूनच नव्हे, स्टोनफिश आणि पाकट यांच्यासाठीही.

ब्लडवर्म चावतो म्हणजे काय?

ग्लायसेरा हा चिखलात, वाळूत राहणारा गुलाबी किडा. सोंड झटकन बाहेर फेकतो, तिच्या टोकाला चार काळे सुळे असतात आणि प्रत्येकामागे विषग्रंथी. या सुळ्यांत तांब्याचं खनिज असतं, प्राणिजगतात ही फारच दुर्मीळ गोष्ट. चावा मधमाशीच्या डंखासारखा लागतो. डायव्हरपेक्षा गळाला आमिष लावणाऱ्यांना याचा जास्त अनुभव. धुवा, बर्फ लावा, अ‍ॅलर्जीवर लक्ष ठेवा.

रिबन वर्म आणि रंगीत चपटे कृमी विषारी असतात का?

काही असतात, पण खाल्ले तर. काही रिबन वर्म आणि चपट्या कृमींत टेट्रोडोटॉक्सिन, म्हणजे पफर माशातलं विष सापडतं. नुसत्या नजरेने किंवा चुकून झालेल्या स्पर्शाने डायव्हरला अपाय झाल्याचं ऐकिवात नाही. तरी उचलू नका. हे प्राणी नाजूक असतात, हातातच फाटतात.

विषाच्या निमित्ताने एक गोष्ट सांगायलाच हवी. आमिषासाठी वापरल्या जाणाऱ्या एका समुद्री कृमीच्या मृत शरीराला शिवलेल्या माश्या मरतात, हे जपानमध्ये लोकांच्या लक्षात आलं होतं. त्यातून १९३४ मध्ये नेरिसटॉक्सिन वेगळं काढलं गेलं आणि पुढे त्याच्या रचनेवरून कारटॅप हे कीटकनाशक तयार झालं. भातावरच्या खोडकिड्यासाठी मावळात, कोकणात वापरलं जाणारं कारटॅप हायड्रोक्लोराइड ते हेच. समुद्रातल्या किड्याचं विष भातखाचरात पोचलंय, हे ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनाही सहसा माहीत नसतं.

ख्रिसमस ट्री वर्म धोकादायक आहे का?

मुळीच नाही. सावली पडली तरी आत पळतो. त्याच्या चुनखडी नळीच्या काठावर बोट कापू शकतं, एवढंच.

मग हातमोजे घालावेत का?

लोकांना वाटतं तितका त्यांचा उपयोग नाही. पातळ मोज्यातून कुसं आरपार जातात आणि मोज्यात अडकलेली कुसं नंतर धुताना लागतात. शिवाय मोजे घातले की माणूस बिनधास्त प्रवाळाला धरतो, म्हणूनच कितीतरी ठिकाणी मोज्यांना बंदी आहे. पूर्ण बाह्यांचा सूट घाला आणि तरंगण्यावरचा ताबा पक्का करा. गुडघे टेकायची वेळच येऊ नये. यासाठी पुण्यातल्या पूलमध्ये घालवलेले तास समुद्रात उपयोगी पडतात.

घरी मरीन टँक आहे. दगडातून निघालेले केसाळ किडे काढून टाकू का?

हे केसाळ किडे म्हणजे ब्रिसलवर्म. त्यातले बहुतेक टँकमधलं उरलंसुरलं अन्न खाऊन सफाईच करतात. संख्या खूप वाढली असेल तर तुम्ही खाणं जास्त टाकताय. मात्र मासे गायब होत असतील, प्रवाळ तुटलेले दिसत असतील तर रात्री लाल उजेडात दगड तपासा. ब्रिटनमध्ये न्यूक्वेच्या मत्स्यालयात २००९ मध्ये असाच तपास करत टँक रिकामा केला, तेव्हा आतून सुमारे चार फुटांचा युनिस निघाला.

दगड हलवताना जाड रबरी मोजे घाला. हातावर जखम असताना टँकमध्ये हात घालू नका. काही आठवड्यांनी बोटावर न दुखणारी, न भरणारी गाठ आली तर ती मायकोबॅक्टेरियम मरायनम या जिवाणूची असू शकते. डॉक्टरांना "घरी फिश टँक आहे" हे आपणहून सांगा. त्या एका वाक्यावर निदान अवलंबून असतं, आणि ते न सांगितल्याने लोक महिनोन् महिने चुकीची मलमं लावत बसतात.

खडकवासला, पवना, मुळशीत पोहताना अशा कृमींचा त्रास होतो का?

फायरवर्म गोड्या पाण्यात नसतात. गोड्या पाण्यात पोहून आल्यावर काही तासांत खाजरे ठिपके उठले तर ते पक्ष्यांच्या परजीवी कृमींच्या अळ्यांमुळे असू शकतात. गोगलगायींतून बाहेर पडलेल्या या अळ्या चुकून माणसाच्या त्वचेत शिरतात आणि तिथेच मरतात. टॉवेलने लगेच अंग पुसल्याने त्रास कमी होतो. याच कुळातला खरा गंभीर आजार म्हणजे शिस्टोसोमायसिस. १९५० च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात त्याचा स्थानिक प्रादुर्भाव गाडगीळ आणि शहा यांनी नोंदवला होता. आफ्रिकेतल्या तळ्यांत पोहून आला असाल आणि नंतर लघवीतून रक्त गेलं, तर तो प्रवास डॉक्टरांच्या कानावर घाला.

पुण्यात परतल्यावर कोणत्या डॉक्टरांकडे जायचं?

साध्या खाज-सुजेसाठी त्वचारोगतज्ज्ञ. आत राहिलेल्या कुसांभोवती गाठी झाल्या तरी तेच. पण लाली तासातासाने पसरत असेल, काळसर फोड आणि ताप असेल तर सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि "समुद्राच्या पाण्यातली जखम आहे" असं पहिल्याच वाक्यात सांगा. कोमट समुद्रातल्या व्हिब्रिओ जिवाणूंना वेगळी प्रतिजैविकं लागतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी सकाळची वाट पाहू नये.

दिसलेला किडा कोणता होता हे कसं कळेल?

फोटो काढा, किडा आणू नका. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून काहीही उचलणं योग्य नाही. वरून एक, बाजूने एक, आणि डोक्याकडचा जवळून एक असे तीन फोटो ओळखीसाठी उपयोगी पडतात. शेजारी मोजमापासाठी काही ठेवायच्या भरात हात पुढे करू नका, मागचा शिंपला किंवा दगड पुरतो. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच, आकुर्डीला आहे. अभ्यास म्हणून रस असेल तर त्याची माहिती करून घ्या.

बॅगेत काय ठेवायचं?

रुंद चिकटपट्टी, टोकदार चिमटा, छोटा टॉर्च, सलाइनची बाटली डोळा धुण्यासाठी, डॉक्टरांनी सांगितलेली अँटिहिस्टामिनची गोळी आणि मलम. ज्यांना पूर्वी तीव्र अ‍ॅलर्जी झाली आहे त्यांनी आपलं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन बोटीवर सोबत ठेवावं आणि ते कुठल्या कप्प्यात आहे हे बडीला दाखवून ठेवावं.